पेटीतला हिरो कितीला पडतो?

दीडशे सांगितले, शंभरावर आला, शेवटी ऐंशीला दिला. उज्जैनच्या राम घाटावर संध्याकाळच्या आरतीला तासभर अवकाश होता. पायऱ्यांवर जागा धरायला सुरुवात झाली होती आणि चादर अंथरून बसलेल्या विक्रेत्याकडून आत्याने वीतभर उंचीचा महादेव घेतला. निळसर अंग, जटा, गळ्यात नाग, आणि दंड असे की रोज जिमला जाणाऱ्यानेही एकदा वळून बघावं. त्याच चादरीवर, महादेवांच्या रांगेच्या पायाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच परदेशी सुपरहिरो कोंबलेले होते. दोनशे रुपयांना पाच. त्यातल्या स्पायडरमॅनच्या छातीत दिवा होता. सिनेमात तो आयर्नमॅनच्या छातीत असतो, पण साचा एकच असावा.

माझ्या भाच्याच्या हातात मात्र अस्सल माल होता. सिनेमा लागला त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका दुकानातून मी अकराशेला घेऊन दिलेला, बटण दाबलं की बोलणारा. क्षिप्रेत सगळे डुबकी मारत होते, तर त्याने हिरोलाही स्नान घातलं. हिरो दोनदा गुळगुळला आणि कायमचा गप्प झाला. ही चूक आमची. पण रात्री आत्याकडे त्याचा उजवा पाय मांडीच्या सांध्यातून निखळला, ती चूक आमची नव्हती. पेटीवरच्या चित्रात हाच हिरो त्या पायावर तोल सांभाळून हवेत लाथ मारताना दाखवला होता. घरी आणल्यापासून तो धड उभासुद्धा राहिला नव्हता.

“आमचा महादेव बघ कसा स्वस्थ बसलाय,” आत्या म्हणाली.

“आजी, पण त्याचे हात हलत नाहीत.”

“ध्यानात बसलाय रे तो. हात हलवून काय करायचंय त्याला?”

आत्या गमतीने बोलली, पण खरेदीच्या दृष्टीने मुद्द्याचं बोलली. ऐंशीच्या महादेवाने काही कबूल केलं नव्हतं, म्हणून त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. अकराशेच्या हिरोने पेटीवर बरंच कबूल केलं होतं. सिनेमावरून निघणाऱ्या फिगरांबद्दल जमवणाऱ्यांची जी कायमची कुरकुर असते, ती याच फरकाची. गेली काही वर्षं मीही या नादात आहे आणि बरेच पैसे घालवून बसलोय, म्हणून हा हिशोब मांडतो.

आधी भाव

रस्त्यावरचा माल, म्हणजे घाटावरची, जत्रेतली, तुळशीबागेच्या आसपासची बिनपरवाना फिगर, ऐंशी ते तीनशे रुपयांत मिळते. कंपनीची परवानाधारक पण साधी फिगर सातशे ते बाराशेला पडते. ही बहुधा मोठी, फूटभर उंच असते, पण सांधे पाचच: मान, दोन खांदे, दोन मांड्या. कोपर नाही, गुडघा नाही. ही लहान मुलांनी आदळआपट करण्यासाठी केलेली असते आणि त्या कामाला ती चांगली असते. फंको पॉपसारखी मोठ्या डोक्याची, न हलणारी बाहुली हजार ते दीड हजारात येते.

त्यापुढे जमवणाऱ्यांचा खरा प्रांत सुरू होतो. सहा इंची, वीसेक सांध्यांची, मार्व्हल लेजेंड्ससारख्या मालिकांमधली फिगर आपल्याकडे अडीच ते साडेचार हजारांच्या दरम्यान पडते. अमेरिकेत तिचीच छापील किंमत पंचवीस डॉलरच्या आसपास असते. आणि सगळ्यात वर हाँगकाँगच्या हॉट टॉइजसारख्या कंपन्यांची एक षष्ठांश प्रमाणातली फिगर: कापडी कपडे, बदलायचे हात, पापण्यांच्या केसापर्यंत रंगवलेला चेहरा. पंचवीस हजारांपासून पुढे. हे आकडे मी फिरून पाहिलेले ढोबळ आकडे आहेत. दुकानागणिक शे-पाचशेचा, वरच्या थरात हजारोंचा फरक पडेल.

परदेशी फिगर इथे इतकी महाग का, हे एकदा समजून घेतलं की दुकानदारावरचा राग थोडा कमी होतो. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० पर्यंत वीस टक्के होतं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ते साठ झालं आणि २०२३ मध्ये सत्तर. म्हणजे घाऊक भावात शंभर रुपयांना घेतलेली फिगर बंदरातून बाहेर पडतानाच एकशे सत्तरची होते. त्यावर जीएसटी. साध्या खेळण्यांवर तो पूर्वी बारा टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के आहे. दिवे लागणाऱ्या, बोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर अठरा. पाच टक्क्यांनी धरलं तरी शंभराचे १७८ रुपये ५० पैसे झाले, आणि अजून आयातदार, वितरक, दुकानदार व कुरियर यांनी हात लावलेला नाही. म्हणून बोलणारा हिरो घेण्याआधी विचार करा. बटणासाठी जास्तीचा कर भरायचा, पाठीत बॅटरीचा खड्डा सोसायचा, आणि महिन्याभरात घरातल्या मोठ्यांनीच ती बॅटरी काढून ठेवायची!

छापील किमतीत न दिसणारे खर्चही असतात. काही मालिकांमध्ये प्रत्येक पेटीत एका मोठ्या पात्राचा एकेक अवयव टाकलेला असतो. हात एकीत, धड दुसरीत, डोकं तिसरीत. पूर्ण राक्षस उभा करायचा तर सहा-सात पेट्या घ्याव्या लागतात. तीन हजारांची एक धरली तर राक्षस वीस हजारांच्या घरात गेला, आणि त्यातल्या निदान तीन फिगर अशा की एरवी तुम्ही हातात घेतल्या नसत्या. महागड्या फिगर आगाऊ नोंदणीवर विकल्या जातात. पैसे आज, माल वर्षाने, आणि मन बदललं तर इसार बुडाला. काचेचं कपाट, उभं ठेवायचे स्टँड, धूळ पुसायचा मऊ ब्रश हे वेगळंच. बायकोला सांगायची किंमत आणि खरी किंमत यांतला फरक मी या हिशोबात धरलेला नाही.

आधी साचा, मग सिनेमा

त्या घाटावरच्या महादेवाकडे पुन्हा येतो. जुन्या कॅलेंडरांतला शंकर आठवा: गोल चेहरा, मऊ अंग, अर्धे मिटलेले डोळे. २०११ ते २०१४ या काळात टीव्हीवर ‘देवों के देव... महादेव’ ही मालिका चालली आणि त्यानंतर चादरीवरचा महादेव हळूहळू तिच्यातल्या महादेवाच्या बांध्याचा झाला असं माझं निरीक्षण आहे. आपल्याकडे ‘जय मल्हार’ मालिका गाजली तेव्हा गणपतीच्या कारखान्यांमधून खंडोबाच्या वेशातले गणपती बाहेर पडायला लागले होते, तसंच. यात करार नाही, परवाना नाही. पण क्रम सरळ आहे. मूर्तिकाराने आधी पडद्यावर पाहिलं, लोकांना काय भावलं ते पाहिलं, मग हात मातीत घातला.

कंपनीच्या फिगरचा क्रम उलटा असतो. पोलादी साचा कापायचा, स्टुडिओकडून आणि नटाच्या माणसांकडून चेहऱ्याला मंजुरी घ्यायची, कारखान्यात पाळी लावायची, जहाजाने माल पाठवायचा आणि सिनेमाच्या आधी काही आठवडे तो दुकानात हजर ठेवायचा. म्हणजे काम वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होतं. तेव्हा सिनेमाचं चित्रण कदाचित पुरंही झालेलं नसतं. शिल्पकाराच्या हाती असतात सुरुवातीची रेखाटनं. नंतर दिग्दर्शकाने पोशाखाचा रंग बदलला, शिरस्त्राण काढलं, एखादा प्रसंगच कापून टाकला की फिगर सिनेमात नसलेल्या माणसाची ठरते. पेटीवर “खास बर्फातला पोशाख” असं काही दिसलं आणि सिनेमात बर्फ नव्हतंच, तर समजावं की तो प्रसंग संकलकाच्या टेबलावर वितळला.

गुप्ततेपायी उलटंही होतं. ‘द मँडलोरियन’ ही मालिका नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. तिच्यातलं ते हिरव्या कानांचं पिल्लू आधी फुटू नये म्हणून त्याचं खेळणं आधी तयारच करू दिलं नाही. जगभर ते पिल्लू गाजलं आणि त्या नाताळात दुकानात त्याची धड एक बाहुली नव्हती. या धंद्याचा जन्मच अशा फजितीत झाला आहे. ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ ला लागला. त्याची खेळणी काढणाऱ्या केनर कंपनीला इतका प्रतिसाद अपेक्षित नव्हता, नाताळपर्यंत फिगर तयार होणार नव्हत्या. तेव्हा कंपनीने चक्क रिकामं पाकीट विकलं! आत पुठ्ठ्याचं प्रदर्शन-चित्र आणि एक कूपन. ते पाठवलं की पुढच्या वर्षी चार फिगर घरपोच. लोकांनी ते घेतलंही. मग आल्या त्या पावणेचार इंची फिगर. उंची लहान ठेवल्यामुळे सोबत त्याच मापाची यानंही विकता आली आणि मुलांना एका हिरोऐवजी अख्खं जग मांडता आलं. मेगो नावाच्या तेव्हाच्या मोठ्या कंपनीने हा परवाना नाकारला होता, ही हळहळ जमवणारे अजून एकमेकांना सांगतात.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच: सिनेमा लागायच्या आठवड्यात फिगर घेऊ नका. सिनेमा बघा. ते पात्र तुम्हाला तीन महिन्यांनीही आठवतं का ते बघा. तोपर्यंत लोकांनी पेट्या फोडून गुडघे तपासलेले असतात, आणि बऱ्याच वेळा भावही उतरलेला असतो. सिनेमा चालला म्हणजे फिगर चालते असंही नाही. डिसेंबर २००९ चा ‘अवतार’ तोवरच्या सगळ्या सिनेमांपेक्षा जास्त कमाई करून गेला, पण मॅटेलने काढलेल्या त्याच्या फिगर सवलतीच्या टोपलीत पडल्या. सिनेमाची जादू त्या जंगलाच्या उजेडात होती आणि उजेड पेटीत भरता येत नाही. उलट २००६ चा ‘कार्स’ बघा. पडद्यावर जी गाडी तीच हातात. सांधा नको, चेहऱ्याची मंजुरी नको, आणि पार्श्वभूमीला उभी असलेली प्रत्येक गाडी हे नवं खेळणं. पाच वर्षांत त्या एका सिनेमाच्या नावावर सुमारे दहा अब्ज डॉलरचा माल विकला गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

खोक्यातली वाटणी

दुकानदार फिगर सुटी मागवत नाही, खोकं मागवतो, आणि खोक्यात कोण किती हे कंपनी ठरवते. हिरो तीन-चार, खलनायक एक, आणि ज्या दुय्यम पात्रावर प्रेक्षक जीव टाकतात ते एखाद्या खोक्यात एक, एखाद्यात नाहीच. आंब्याच्या पेटीत वरचा थर बघून भाव करावा आणि घरी खालचा थर बघावा, तसं. पहिल्या दिवशी कुणीतरी ती एकुलती एक उचलतो, मग खुंटीवर चार हिरो लटकत राहतात. ते विकले जात नाहीत म्हणून दुकानदार पुढचं खोकं मागवत नाही, आणि पुढच्या खोक्यात नेमकं तुम्हाला हवं ते पात्र असतं. मालिका अर्ध्यावर बंद पडते. तुमच्या कपाटात सात जणांच्या टोळीतले चारच उभे राहतात, आणि ते चार बघून रोज उरलेले तीन आठवतात.

वाटणी करणाऱ्यांचे पूर्वग्रहही खोक्यात उतरतात. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये विमानातून मोटरसायकलवर झेप घेते ती ब्लॅक विडो, खेळण्याच्या संचात त्या गाडीवर कॅप्टन अमेरिका बसवला होता. त्याच वर्षी ‘द फोर्स अवेकन्स’ची नायिका रे ही त्याच सिनेमाच्या मोनोपॉली खेळातून गायब होती. आठ वर्षांच्या एका मुलीचं पत्र गाजलं आणि मग खेळ काढणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीला रे त्यात घ्यावी लागली. घरात मुलगी जमवणारी असेल तर हा भाग तिला आधीच माहीत असेल.

उलट्या बाजूला अतिउत्पादन आहे. १९९९ च्या ‘फँटम मेनेस’च्या वेळी लोकांनी भविष्यातली गुंतवणूक म्हणून बंद पेट्यांचे ढीग घेतले. त्यांतल्या बहुतेक आजही बंद आहेत आणि बहुतेकांना फारसा भाव नाही, कारण सगळ्यांनीच त्या जपून ठेवल्या. फंकोने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं की तीन कोटी ते तीन कोटी साठ लाख डॉलरचा न खपलेला माल टाकून द्यावा लागणार आहे, कारण तो साठवणंच महाग पडत होतं. तेव्हा “मर्यादित आवृत्ती, पुढे किंमत वाढेल” म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. जुन्या फिगरांना भाव आला तो मुलांनी त्या खेळून मोडल्या म्हणून, धड थोड्याच उरल्या म्हणून.

याचं घरचं उदाहरण आहे. फनस्कूल ही एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ मध्ये काढलेली कंपनी, कारखाना आपल्या शेजारी गोव्यात. तिने भारतात विकलेल्या जी. आय. जो फिगरांचे रंग मूळ अमेरिकी फिगरांपेक्षा कित्येकदा भलतेच असत. तेव्हा आम्हाला ते कळलंही नाही. आज परदेशातले जमवणारे नेमके ते भलत्या रंगांचे भारतीय सैनिक शोधत असतात. माझ्याकडे दोन होते. एक अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्यावर तानाजीच्या शेजारी लढताना कामी आला, दुसरा आईने भंगारात दिला.

किल्ल्यावरून आठवलं, माप. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज मावळ्याच्या दुप्पट, वाघ दरवाजाहून मोठा आणि पायथ्याच्या शेतकऱ्याची गाय बुरुजाएवढी, तरी कुणाचं बिघडत नाही. फिगर जमवणाऱ्याचं मात्र बिघडतं. एकाच सिनेमाच्या दोन कंपन्यांच्या फिगर शेजारी उभ्या केल्या की नायक खलनायकाच्या कमरेशी येतो. घेताना एकच माप ठरवा, सहा इंची तर सहा इंचीच, आणि त्याला चिकटून राहा. निम्मे पैसे इथेच वाचतात.

आपले सिनेमे कुठे आहेत?

उज्जैनमध्येच घडणारा, तिथल्या वातावरणात चित्रित झालेला ‘ओएमजी २’ ११ ऑगस्ट २०२३ ला लागला. अक्षयकुमार शिवाच्या दूताच्या रूपात. जटा, भस्म, सगळं फिगरच्या साच्याला तयार. पण सेन्सॉरने त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं. ज्या सिनेमाला मुलाला नेता येत नाही त्याचं खेळणं कोण काढणार आणि कोण घेणार? घाटावर मी तरी ते पाहिलं नाही. फिगरची मालिका चालायला तेच पात्र दोन-तीन वर्षं पुन्हापुन्हा पडद्यावर यावं लागतं, ‘छोटा भीम’ २००८ पासून येत राहिला तसं. एका शुक्रवारच्या जोरावर पोलादी साच्याचा खर्च निघत नाही. मराठीत याचं सगळ्यात मोठं दुःख मला तात्या विंचूचं आहे. १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्यांचा तो बाहुला म्हणजे मुळातच खेळणं. दुकानात मात्र मला तो कधी दिसला नाही. दिसला असता तर रात्री झोपताना उशाशी नक्कीच ठेवला नसता, पण घेतला असता.

हातात घेऊन काय बघायचं

दुकानात जात असाल तर एकाच पात्राच्या तीन-चार पेट्या खाली काढायला सांगा. लाजू नका. डोळे बघा: बुबुळ जागेवर आहे का, एक डोळा छताकडे तर बघत नाही ना. हॅस्ब्रोने साधारण २०१८ पासून छायाचित्रासारखे चेहरे छापायला सुरुवात केल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली, संपलेली नाही. मग घोटे बघा. फिगर उभी राहणं न राहणं घोट्यावर ठरतं, आणि घोटा डावी-उजवीकडेही कलतो का हे पेटीच्या मागच्या छायाचित्रावरून कळतं. नायक सगळ्या छायाचित्रांत उडताना किंवा टेकून बसलेला दाखवला असेल तर तो उभा राहत नसावा. झगा किंवा केप जाड रबरी असेल तर फिगर मागे कलंडणार.

घरी आल्यावर सांधा घट्ट लागला तर जोर लावू नका. बहुतेक नव्या फिगर पहिल्याच दिवशी मोडतात त्या अशाच, रंग सुकताना सांध्यात चिकटून बसल्यामुळे. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा मिनिटभर द्या, मग हळू फिरवा. पेटीत वाकडे झालेले पाय किंवा तलवार चहाच्या आधणाइतक्या गरम पाण्यात धरा, मऊ झालं की सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. पीव्हीसी त्या आकारात बसतं. आमच्या हिरोचा पाय मात्र गरम पाण्याच्या पलीकडे गेला होता. मांडीतली प्लॅस्टिकची खुंटीच तुटली होती. कपाट खिडकीच्या उन्हात ठेवू नका, पांढरा रंग पिवळा पडतो. बंद पेटीत वर्षानुवर्षं ठेवलेली मऊ प्लॅस्टिकची फिगर चिकट होते, तिलाही हवा लागते.

लहान मुलासाठी घेत असाल तर आधी आयएसआयची खूण शोधा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे, देशी असो वा परदेशी. साध्या खेळण्यावर आयएस ९८७३ आणि विजेच्या खेळण्यावर आयएस १५६४४ हा क्रमांक हवा, आणि सोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आहे ते दिसतं. घाटावरच्या पिशवीतल्या पाच वीरांवर अर्थातच काही नव्हतं, आणि पिशवी उघडताच रॉकेलसारखा वास आला. तोंडात घालायच्या वयाचं मूल असेल तर दोनशे रुपयेही जास्त झाले. मोठ्यांसाठीच्या फिगरवर “पंधरा वर्षांवरील” असं छापलेलं असतं, तिला ही खूण नसते. त्या पेटीतले बारीक हात आणि टोकदार शस्त्रं धाकट्याच्या हाती लागू देऊ नका. आयात केलेल्या पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी यांचं लेबल लागतं. ते नसेल तर पुढे भांडायला माणूस सापडत नाही.

आणि भांडायची वेळ येते. माझ्या दुकानदाराने पुण्याला परतल्यावर पावतीच्या तळाची ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती ओळ मनाची आहे, कायद्याची नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल पावतीत सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. ऑनलाइन घेतलेली पेटी उघडताना अखंड व्हिडिओ काढा, कुरियरच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून. माझं प्रकरण पाण्यात पडल्यामुळे पाण्यात गेलं. बॅटरीचा खड्डा ओला होता आणि दुकानदाराने तो आधी उघडून पाहिला.

घाटावर मूर्ती घेताना वेगळं बघायचं. पितळेची असेल तर वजनावर भाव करा. पोकळ वाटली तर तळ उलटा करून बघा, आत जोड किंवा भरण दिसतं का. बैठक जड हवी. ही सावधगिरी छोट्या मूर्तीपुरतीच नाही. उज्जैनच्या महाकाल मंदिराचा महाकाल लोक हा परिसर ११ ऑक्टोबर २०२२ ला खुला झाला, आणि २८ मे २०२३ च्या वादळी वाऱ्यात तिथल्या सप्तर्षींच्या सात भव्य मूर्तींपैकी सहा कोसळल्या. त्या फायबरच्या होत्या, आतून पोकळ. आत्या तेव्हा दुसऱ्या दिवशी बघून आली होती. एका ऋषींचं मस्तक वेगळं होऊन पडलं होतं, एवढंच तिने फोनवर सांगितलं आणि विषय बदलला.

आत्याचा ऐंशीचा महादेव तिच्या फ्रिजवर आहे. हिरोचा पाय भाच्याने काडेपेटीत जपून ठेवलाय, हिरो स्टँडला टेकून एका पायावर उभा आहे. पुढच्या सुपरहिरोपटाची तारीख त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिली आहे आणि फिगर घ्यायची तारीख त्यानंतर चार महिन्यांनी.